‘नवी उत्पत्ती’ झालेल्याला झगडा उरत नाही, या दाव्याविषयी खुलासा

‘ख्रिस्तात नवी ओळख मिळालेल्याला पापाशी झगडावे लागत नाही, ज्याला लागते, तो जागा झालेलाच नाही’ असा संदेश सध्या फिरत असून त्याला बायबलमधील 2 करिंथ 5:17 चा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील वचनाचा, आधार दिला जातो. ख्रिस्ताच्या ठायी असलेला माणूस नवी उत्पत्ती आहे, असे तेथे म्हटले आहे, हे खरे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पौलाचा नाही. ज्या करिंथकरांना तो पहिल्या पत्राच्या आरंभीच ‘पवित्र केलेले’ म्हणतो, त्यांच्यात तट पडले होते, भावाभावांत कोर्टकज्जे चालू होते, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घेतल्या जाणाऱ्या भोजनाच्या, वेळी एक जण उपाशी तर दुसरा मद्याने धुंद, अशी स्थिती होती. पौल त्यांना खडसावतो, पण त्यांची ओळख काढून घेत नाही. मग आज कोणा झगडणाऱ्या विश्वासणाऱ्याला ‘तू झोपलेलाच आहेस’ असे सुनावणे चुकीचे तर आहेच, शिवाय निर्दयही आहे. कलस्सै येथील विश्वासणाऱ्यांनाही पौल आधी सांगतो, की तुमचे जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेले आहे, आणि म्हणूनच पुढे राग, निंदा, लबाडी टाकून देण्याची आज्ञा करतो. कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिताना तर आपण स्वतः अजून पूर्ण झालेलो नाही, धावतोच आहोत, असे तो स्पष्ट सांगतो.