वाळूला जोर दाखवू नका, आधी चाकाची हवा सोडा

परवा पुन्हा एक व्हिडिओ आला. कोकणातला किनारा, लाटा बॉनेटवर आदळतायत, जीप दारापर्यंत वाळूत रुतलेली आणि बाजूला कमरेएवढ्या पाण्यात चार पोरं हताश उभी. नंबर प्लेट एमएच ५०. म्हणजे आपली, कराडची गाडी. खाली हसणाऱ्यांची ही भली मोठी रांग. मला हसू आलं नाही. सहा वर्षांपूर्वी तशाच रुतलेल्या गाडीशेजारी मी उभा होतो आणि माझी आठ वर्षांची मुलगी बायकोचा हात धरून किनाऱ्यावर रडत होती.

म्हणून आज लिहितोच. पोस्ट लांब आहे, पण आपल्या साताऱ्या-सांगलीकडून कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक फोर बाय फोरवाल्याने ती पूर्ण वाचावी, ही मनापासून विनंती.

आपल्याकडे गैरसमज असा की गाडी फोर बाय फोर आहे म्हणजे वाळूची भीती नाही. लिव्हर ओढला, चारी चाकांना ताकद गेली, विषय संपला. मीही हेच धरून चाललो होतो. ऊसतोडीच्या दिवसांत चिखलाच्या पाणंदीतून गाडी काढायची सवय, त्यामुळे रुतली तर ॲक्सिलरेटर दाबायचा हे अंगात भिनलेलं. चिखलात बऱ्याचदा खाली कुठेतरी टणक जमीन लागते आणि चाक तिला पकडतं. वाळूत खाली परत वाळूच असते. चाक जितकं फिरेल तितकं ते स्वतःचा खड्डा स्वतः खणतं.

त्या दिवशी आम्ही पहाटे चारला कराड सोडलं. पाटण, कोयनानगर, हेळवाक, घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आमच्यावर उपकार केलेत, त्यांच्या किनाऱ्यावर अजून गाड्या जायला नकोत. साडेदहाच्या सुमारास मी गाडी सुरूच्या झाडांमधून खाली उतरवली. वरची वाळू कोरडी, पांढरी, पिठासारखी. ती कशीबशी पार केली. खाली ओली, सपाट, सिमेंटच्या कोब्यासारखी दिसणारी वाळू लागली आणि मला वाटलं, जिंकलो. शे-दीडशे फूट मजेत गेलो. मग वळवायला म्हणून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढची चाकं बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागची बसली. अजून दाबला. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ, तेवढ्यात गाडीचं पोट वाळूला टेकलं. पोट टेकलं की चाकं अधांतरी फिरतात, त्यांच्यावर गाडीचं वजनच राहत नाही. मग चार काय, आठ चाकांना ताकद दिली तरी उपयोग शून्य.

पाणी तेव्हा पन्नास-साठ पावलांवर होतं.

मासळी उतरवायच्या जागेवरून एक वयस्कर काका आणि दोन तरुण धावत आले. मी अजून इंजिन रेस करतच होतो. काका खिडकीशी येऊन ओरडले, "पाय काढा आधी! बंद करा गाडी!" मग खाली बसून त्यांनी चाकावर तळवा आपटला. "एवढी टम्म हवा ठेवून वाळूत येतात होय? सोडा ती हवा."

घाटासाठी म्हणून मी चारी चाकांत ३४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा भरून घेतली होती. त्यांनी खिशातली किल्ली काढली, तिचं टोक व्हॉल्व्हच्या पिनवर दाबलं आणि फुस्स करत हवा सोडायला लागले. मीटर नव्हता. टायरची खालची बाजू फुगून बाहेर येईपर्यंत सोडायची, मग तळव्याने दाबून बघायचं, परत थोडी सोडायची. चारी चाकं त्यांनी अशी हाताने मोजली. तोवर त्या दोन पोरांनी आणि मी स्टीलच्या ताटाने आणि नारळाच्या करवंटीने चाकांमागची वाळू उकरली, पोटाखालची उकरली, माडाच्या झावळ्या आणून मागच्या चाकांमागे दाबून बसवल्या. काका म्हणाले, "आता मागे या. आलात त्याच चाकोरीतून. पुढे नको." लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर), रिव्हर्स, क्लच हळूच सोडला आणि गाडी एखादी म्हैस चिखलातून उठावी तशी हलत हलत वर आली. शेवटचे काही फूट मागे आलो तेव्हा लाटेचा फेस पुढच्या बंपरला लागला होता.

मला आतून हलवून गेली ती गोष्ट पुढे कळली. त्या काकांचा जुना पिकअप रोज मासळी आणायला त्याच वाळूत उतरतो. फोर बाय फोर नाही, साधा मागच्या चाकांचा. मागची चाकं मऊ ठेवलेली, रस्ता ओळखीचा आणि पाय हलका.

घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. माणसं-सामानासकट गाडी दोन टन धरा, एका चाकावर पाचशे किलो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो दाब. म्हणजे पाचशे किलो पेलायला चाक जमिनीला जेमतेम सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर टेकतं. माणसाच्या दीड तळव्याएवढी जागा. हवा १६ वर आणली की तीच जागा जवळजवळ दुप्पट होते. टायरची भिंत थोडं वजन पेलते म्हणून आकडा तंतोतंत बसणार नाही, पण तत्त्व हेच. आणि ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते. चाक पट्ट्यासारखं लांब टेकतं, वाळू कापत जायच्या ऐवजी तिच्यावर चढून चालतं. उंटाचा पाय बघा, दाबला की पसरतो.

तेव्हापासून माझं माप ठरलंय. किनाऱ्याच्या वाळूत १८, फार मऊ असेल तर १५. बारा-तेराच्या खाली मी जात नाही, कारण जोरात वळवलं तर टायर रिमवरून सुटू शकतो. आणि हवा कमी असताना वेग कमीच ठेवायचा. डांबरावर परत आल्याबरोबर आधी हवा भरायची, मग चहा. मऊ टायरने घाट चढलात तर टायरची भिंत तापून फाटू शकते. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि एक चांगला मीटर, बास. ज्यांनी टपावर लाइटची पट्टी लावायला पैसे घातलेत त्यांच्या गाडीत मीटर नसतो, याचा मला खरंच त्रास होतो.

आता पायाचं. वाळूत हाय रेंज (नेहमीच्या वेगाचा) फोर बाय फोर, दुसरा-तिसरा गिअर आणि एका लयीत चालणं. गती तुटू द्यायची नाही आणि वाढवायचीही नाही. ब्रेक शक्यतो नकोच. ब्रेक मारला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. ॲक्सिलरेटर सोडला तर वाळू आपोआप गाडी थांबवते. थांबायचंच असेल तर उतारावर तोंड करून थांबा, म्हणजे निघताना उतार मदतीला येतो. वळण मोठं घ्या, कारण पूर्ण वळवलेलं चाक वाळूत नांगरासारखं चालतं. माझी गाडी तिथेच बसली होती. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या नव्या गाड्यांत ते बंद करून बघा, नाहीतर चाक जरा घसरलं की यंत्रणा इंजिनची ताकद कापते आणि नेमकी हवी तिथे गती जाते. आणि गाडी दबतेय असं वाटलं, नुसतं वाटलं, तरी त्याच क्षणी पाय काढा. चार बोटं रुतलेली गाडी मागे घेता येते. पोट टेकलेली खणून काढावी लागते.

आमचे थोरले मामा उमेदीत कृष्णेच्या पात्रातून वाळूचा ट्रॅक्टर काढायचे. ते म्हणायचे, "वाळूला जोर दाखवू नगं, तिला गोंजार." ऐकून वीस वर्षं झाली होती. अर्थ त्या दिवशी कळला.

खरी माती खातो आपण भरती-ओहोटीत. आपण घाटावरची माणसं, समुद्र म्हणजे एका जागी असलेलं पाणी असं आपल्याला वाटतं. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात आणि ते गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोनदा भरती आणि रोज जवळपास पन्नास मिनिटं पुढे. हा ढोबळ अंदाज झाला, नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सर्वांत वर येतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी.

मी गेलो ती अमावस्येनंतरची द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला उधाणाची भरती, सकाळी साडेसातला ओहोटी. आणि पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात रांगतं, तिसऱ्या-चौथ्या तासात धावतं. एकूण चढायच्या निम्मं पाणी त्या दोन तासांत चढतं. साडेनऊ ते साडेअकरा. मी साडेदहाला खाली उतरलो होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली होती, मी बघितली नव्हती.

ओल्या वाळूचंही ऐका. किंचित ओलसर वाळू सर्वांत टणक, कारण कणांमधलं थोडं पाणी त्यांना धरून ठेवतं. कोरडी सुटी असते. आणि पाण्याने तुडुंब भरलेली चक्क पातळ होते. लाट परतते तिथली चकचकीत वाळू टणक दिसते, पण थांबलेल्या चाकाखाली ती ढवळून निघते. पाय दाबून बघा. पायाभोवती पाणी झिरपून आलं की तिथे गाडी उभी करायची नाही.

आता जे पटणार नाही ते. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला मनाई आहे, फलक आहेत, पोलीस गुन्हे दाखल करतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं येऊन अंडी घालतात. हात-दीड हात खोल खड्डा, वरून वाळू सारखी केलेली. आपल्याला काही दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि समुद्राकडे धावतात. आपल्या चाकाची खोल चाकोरी त्या अंगठ्याएवढ्या पिल्लाला ओलांडता येत नाही. ती घरटी असतात भरतीरेषेच्या वर, म्हणजे आपण ज्या मऊ कोरड्या वाळूत "मजा" करायला जातो तिथेच. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या परिशिष्टात आहे. फलक असेल तिथे गाडी सुरूच्या बनात लावा आणि चालत जा. मी आता तेच करतो.

मग शिकायचं कशाला, असं कुणी म्हणेल. जिथे परवानगी आहे तिथे हौस भागवायला. केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडचा किनारा गाडी चालवण्यासाठीच ओळखला जातो, वाळू घट्ट आहे. जैसलमेरकडे वाळूच्या टेकड्यांवर जाणारे आपले कितीतरी लोक आहेत. आणि आपल्याकडच्या माणगंगेच्या कोरड्या पात्रातून वस्तीवर जायची वाट असते, तिथे मी स्वतः रात्री आजारी माणसाला घेऊन गेलोय. तेव्हा १६ पीएसआयने गाडी सरळ पार झाली.

गाडी पाण्यात गेलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. पाटे, ब्रेक, चासीच्या आतल्या पोकळ्या, सगळं. मी चार दिवस आळस केला आणि पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेकची केबल गंजून जागीच अडकली. आणि दोराने ओढायची वेळ आली तर दोर चासीच्या हुकलाच लावा, बंपरला किंवा मागे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला नाही. तो गोळा तुटून सुटला तर माणूस जातो. ओढताना बाकीच्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा, पोरांना तर नजरेआडच.

काकांना मी त्या दिवशी पैसे द्यायला गेलो. घेतले नाहीत. "पुढच्या वेळी मीटर आणा," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी मी दोन मीटर नेले, एक त्यांच्यासाठी. त्यांनी तो हातात घेतला, पिकअपच्या मागच्या चाकाला लावला. आधी तळव्याने दाबून त्यांनी आकडा सांगितला होता, वीस. मीटरवर काटा एकोणीसवर थांबला.

कराड, सातारा, इस्लामपूर भागातलं कुणी जाणार असेल तर माझा कॉम्प्रेसर, खोरं आणि चाकाखाली टाकायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन जा. भाडं नाही. फक्त आदल्या दिवशी मेसेज करा आणि त्यात त्या दिवसाची तिथी लिहा.