खाण बुजवायच्या आधी एकदा वर जाऊन बघा

गावाच्या वरच्या अंगाला माळावर जी जुनी दगडखाण पडून आहे ती पोरं पाण्यात बुडतील म्हणून बुजवायचं चाललंय म्हणे, आणि बुजवायची म्हणजे काय तर गावाचा कचरा आणि बांधकामाचा राडारोडा आणून ओतायचा. माझा विरोध आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

मी क्रशरवाल्यांची बाजू घेत नाही हां. खाण चालू असताना सुरुंगानं घरं हादरत होती, द्राक्षाच्या पानांवर धूळ बसत होती, माळावरचं गवत पांढरं पडलं की चंडोल, पखुर्ड्या, खोकड सगळी लांब सरकतात. गेलेला डोंगर काय परत येत नाही.

पण खाण बंद पडली आणि माणसाची वर्दळ थांबली की तिथं वेगळीच मंडळी येत्यात. उभ्या कापलेल्या कातळाच्या कपारीत शृंगी घुबड राहतंय. डोक्यावर शिंगासारखे पिसांचे झुबके, डोळे नारिंगी, अंधार पडायला लागला की घुमणारा आवाज. हे घरटं बांधतच नाही, कपारीतल्या नाहीतर कड्याखालच्या उघड्या मातीत जरासा खळगा केला की झालं, त्यात अंडी. त्याची मूळ जागा म्हणजे डोंगराचे कडे आणि ओढ्याच्या घळी, खाणीचा कडा त्याला तसाच चालतो. आणि खातंय काय तर जास्त करून उंदीर-घुशी! उसातल्या उंदरांना मारायला औषधावर पैसे घालणारे आपण आणि घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारणारे पण आपणच. अमावस्येच्या पूजेसाठी त्याला धरणारे वेगळेच, त्यांच्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

मुरमाच्या कडेला वेड्या राघूंची बिळं असतात, कातळाच्या छपराखाली पाकोळ्यांची मातीची घरटी, खाली साठलेल्या पाण्यात पाणडुबी, खंड्या. मार्च-एप्रिलला ओढे आटले की रात्री ससा, खोकड, मुंगूस कुठं जाणार पाण्याला?

तिकडं साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आल्यावर शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, २०१८ साली त्यावर शोधनिबंध आलाय. माणसानं जागा बदलली की कुणाचं तरी फावतं, कुणाचं तरी जातं. खाणीत जे आलंय त्याला परत हाकलायचं कशाला?

झाडं लावून सागरेश्वर अभयारण्यासारखं दुसरं जंगल करू म्हणणाऱ्यांनीपण थांबा, शृंगी घुबडाला उघडा कातळ आणि मोकळा माळच लागतो.

पोरं बुडतील हा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. म्हणून कड्याच्या बाजूनं तारेचं कुंपण घाला, आणि एका अंगाला मुरूम टाकून उतार करा, म्हणजे पाण्यात पडलेलं जनावर बाहेर तरी येईल, नाहीतर उभ्या भिंतीत ते तिथंच मरतंय. कचरा अजिबात नको, आपल्या सगळ्या विहिरी खालच्या अंगाला आहेत आणि खडकाच्या भेगांतून पाणी कुठं जातं हे विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि जिथं खाण चालू आहे तिथं ज्या कड्यात पिल्लं असतील तेवढा कडा पिल्लं उडेपर्यंत सोडायला क्रशरवाल्याचं काय जातंय, बाकीची खाण आहेच की.

ग्रामसभेत विषय निघाला की हेच बोलणार आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी तिथं या, इथं कमेंटमध्ये भांडू नका.