सह्याद्री ‘जागा’ होत नाहीये, आत्या

पाटण तालुक्यातल्या माझ्या आत्यानं परवा रात्री साडेअकराला फोन केला. ‘‘अरे, डोंगर फुटणार म्हणतायत.’’ तिला आलेला मेसेज मलाही तीन ग्रुपवर आला होता: सह्याद्री हा झोपलेला ज्वालामुखी आहे, तो जागा होतोय, कोयनेचे भूकंप, उन्हवऱ्याचं गरम पाणी, लोणारचं सरोवर आणि दरडी ही त्याचीच लक्षणं.

एक गोष्ट खरी, नाइलाजानं मान्य करतो. आपला काळा कातळ लाव्हाचाच आहे. पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला आणि थिजला. पुढे पश्चिमेची बाजू तुटली, झिजली आणि उरलेला कडा म्हणजे सह्याद्री. तोंड असलेला शंकू नाहीच, तर फुटणार काय? वरंधा घाटात गाडी थांबवून समोरच्या डोंगराचे आडवे थर बघा.

लोणार उल्केच्या आघातानं झालं. उन्हवऱ्याचं पाणी खोल भेगांत जाऊन तापून वर येतं. पुढे चला.

कोयनेचे भूकंप खरेच, 11 डिसेंबर 1967 चा आत्याला आठवतो. पण ते धरणाच्या जलाशयाशी जोडले जातात, लाव्हाशी नाही. आणि तिथे आत काय आहे हे चक्क भोक पाडून पाहिलंय. कोयनेजवळ गोठण्याला 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल विंधन केलं. वर सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे तोच थिजलेला काळा कातळ, त्याखाली तळापर्यंत ग्रॅनाइटच्या जातीचा जुना, घट्ट खडक. लाव्हाचा थेंब नाही.

खरा संताप दरडींवरून. 2014 चं माळीण, 2021 चं तळीये, 2023 ची इर्शाळवाडी: माणसं गाडली गेली आणि हा मेसेज सांगतो, ज्वालामुखी हलला! म्हणजे कुणी काही करायचंच नाही? दरड वरून येते, खालून नाही. कातळावरची झिजलेली माती दिवसेंदिवसच्या पावसानं भिजते, जड होते, सुटते. कुठे उतार कापलेला असतो, कुठे पाण्याची वाट बुजवलेली. आधी खुणा दिसू शकतात: उताराला भेगा, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, कललेले खांब, अडकणारी दारं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

आत्याला म्हटलं, ज्वालामुखी सोड, उजाडलं की गोठ्यामागचा उतार बघून ये. सकाळी सातला तिचा फोन: ‘‘भेग नाही. पण वरच्या ताली­च्या कडेला पाणी साचतंय, चर काढून घेते.’’