त्रेसष्ट की छत्तीस?

चोवीस वर्षे मी महाराष्ट्रात दुसरी-तिसरीचे वर्ग शिकवले आणि त्यानंतर नॉर्वेत आल्यापासून ओस्लोजवळच्या एका शाळेत लहान मुलांच्या वर्गात मदतनीस शिक्षिका म्हणून काम करते आहे. या सगळ्या वर्षांत माझी एक श्रद्धा पक्की होत गेली : मुलाचे चुकलेले उत्तर खोडण्याआधी नीट वाचावे, कारण ते उत्तर मुलाने विचार करूनच लिहिलेले असते.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेले वादळ मी येथे बसून वाचत होते. रूढ संख्यानामांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असेही वाचन त्या पुस्तकात दिले होते. त्यावर विधिमंडळात विनोद झाले, मराठी बुडाली अशी ओरड झाली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे मात्र फारसे कोणी ऐकून घेतले नाही. मला तेव्हा माझ्या वर्गातला एक मुलगा आठवत राहिला. मी ‘त्रेसष्ट’ म्हटले की तो पाटीवर आधी ३ काढायचा आणि त्याच्या उजवीकडे ६. असे का लिहिलेस, म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाई, तुम्हीच आधी तीन म्हणालात.” त्याचे कान अगदी बरोबर होते. आपल्या भाषेत एकक आधी उच्चारले जाते आणि लिहिताना दशक आधी येते, ही गोष्ट मी त्याला कधी सांगितलीच नव्हती.

नॉर्वेतही एके काळी ‘एक आणि वीस’ असेच म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगता-ऐकताना उलटापालट होऊ नये, हे एक मोठे कारण धरून संसदेच्या निर्णयाने १ जुलै १९५१ पासून ‘वीस-एक’ हा क्रम अधिकृत झाला. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी माझ्या शेजारच्या आजी आपले वय अजून जुन्याच रीतीने सांगतात आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. भाषा बुडण्याची भीती मला म्हणूनच पटत नाही. मात्र येथे तो बदल शाळांबरोबर सरकारी कारभाराने आणि नभोवाणीनेही उचलला होता. आपल्याकडे सगळा भार सात वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या बाईंवर टाकला गेला, आणि घरी आजोबा ‘वीस एक’ ऐकून हसले की ते मूल गोंधळणारच. आपली अडचण नॉर्वेपेक्षा मोठीही आहे. तेथे प्रश्न मुख्यतः क्रमाचा होता, तर आपल्याला बावन्न, त्रेपन्न, पंचावन्न हे शब्द एकेक करून पाठ करावे लागतात. एकोणतीस कळायला तीस आधी ठाऊक असावे लागतात, आणि एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालवून नव्व्याण्णवला ती मोडते.

तरीही ही नावे पुस्तकातून काढावीत असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाला एकुणसाठ म्हणजे किती हे कळत नाही, त्याचे घरातल्या मोठ्यांशी साधे व्यवहाराचे बोलणेही अडेल. मला हवा आहे तो पूल, आणि तो आपल्या जुन्या उजळणीत आधीपासून आहे. ‘एकावर एक अकरा, दोनावर एक एकवीस’ म्हणताना दशकाचा अंक आधी येतो, मग एकक, आणि शेवटी रूढ नाव. आम्ही शिक्षकांनी ती उजळणी केवळ घोकंपट्टी म्हणून चालवली, तिच्यात दडलेले स्थानमूल्य मुलांना दाखवले नाही, याची मला खंत आहे.

त्या मुलापुढे मी दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या. त्याने गठ्ठे आधी मोजले, सुट्ट्या नंतर. मग मी त्याला मोठ्याने म्हणत लिहायला सांगितले. ‘सहावर’ म्हणत त्याने ६ काढला, ‘तीन’ म्हणत शेजारी ३ काढला, आणि पाटी माझ्याकडे वळवून म्हणाला, “त्रेसष्ट.”