प्रीमियमचा रकाना शेवटी का ठेवला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

महागड्या स्पोर्ट्स कारच्या विम्याची तुलना कशी करावी, या माझ्या लेखातल्या तक्त्यात मी प्रीमियमचा रकाना सर्वांत शेवटी ठेवला होता. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि नाराजी लपवली नाहीत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, सगळ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान भरून देणाऱ्या) पॉलिसी आतून सारख्याच असतात, तेव्हा प्रीमियम आणि क्लेम मंजूर होण्याचं प्रमाण पाहिलं की पुरे. दोन, 'सहमत मूल्या'ची पॉलिसी, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर किती रक्कम मिळेल हे आधीच ठरवून घेतलेली पॉलिसी, हा जास्त पैसे काढण्याचा मार्ग आहे, कारण बाजारभावापेक्षा जास्त कुणी देत नसतं. तीन, ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवण्याचा दिवस) म्हणजे शर्यत नव्हे, त्यामुळे तिथलं नुकसान भरून मिळायलाच हवं. शिवाय, माझा लेख उगाच घाबरवतो, असंही तुमचं म्हणणं.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण पुढच्या महिन्यात गाडी ट्रॅकवर नेणार असल्याचं तुम्हीच लिहिलंय.

पॉलिसीत 'काय भरून मिळणार नाही' हा भाग असतो. त्यात शर्यत, वेगचाचणी, विश्वसनीयता चाचणी, पेसमेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं) असे शब्द बहुतेक ठिकाणी सापडतात. एवढंच लिहिलेलं असतं तर तुमचा युक्तिवाद टिकला असता: वेळ नोंदवली जात नाही, नंबर काढले जात नाहीत, मग शर्यत कसली? पण वेगवान गाड्यांच्या अनेक पॉलिसींमध्ये त्यापुढे आणखी एक वाक्य असतं. शर्यतीसाठी बांधलेल्या किंवा वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही जागी गाडी चालवणं, मग वेळ मोजली जावो वा न जावो, प्रशिक्षण असलं तरीही. हे कलम तुमचा हेतू विचारतच नाही, फक्त जागा पाहतं. म्हणून 'मी शर्यत लावत नव्हतो' हे सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला) पटलं तरी क्लेम उभा राहत नाही.

जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचं उदाहरण बघा. तिथला नॉर्डश्लाइफ हा २०.८३२ किलोमीटरचा ट्रॅक ठरावीक वेळी सर्वांसाठी खुला असतो. त्या वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता मानला जातो आणि रस्ते वाहतुकीचे नियम लागू होतात. साहजिकच पुष्कळ जणांचा समज होतो की हा रस्ताच आहे, तर नेहमीची पॉलिसी चालेल. कित्येक विमा कंपन्यांनी त्यावर सरळ न्यूरबुर्गरिंगचं नावच वगळलेल्या जागांमध्ये घातलं. शिवाय तिथे कठड्याला गाडी लागली तर कठड्याच्या दुरुस्तीचा आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च चालकाकडून वसूल होतो.

ट्रॅक डेसाठी वेगळी, एका दिवसापुरती पॉलिसी मिळते, आणि ती घ्या असंच मी म्हणेन. मात्र तीही नीट वाचा. त्यात स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा बहुधा गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत असतो, आणि दुसऱ्याच्या गाडीचं किंवा कठड्याचं नुकसान पुष्कळदा त्यात नसतंच. तुमच्या कंपनीला जाण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'हो सर, कव्हर आहे' क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आता सहमत मूल्य. बाजारभावापेक्षा जास्त कुणी देत नाही, हे तुमचं म्हणणं ज्या गाडीचा बाजारभाव चार ठिकाणी विचारून कळतो तिच्यापुरतं बरोबर आहे. मोठ्या संख्येने बनणारं, दरवर्षी किंमत उतरणारं मॉडेल असेल तर सहमत मूल्यासाठी जादा प्रीमियम देण्यात फारसा अर्थ नाही. तेच पैसे दुरुस्तीच्या चांगल्या अटींवर खर्च करावेत. पण मर्यादित संख्येतल्या गाडीचं काय? मॅकलारेन एफ१ या गाड्या सगळ्या मिळून १०६च बनल्या. त्यातली एक अभिनेते रोवन ॲटकिन्सन यांच्याकडे होती. २०११ मध्ये तिला मोठा अपघात झाला. दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला, आणि विमा कंपनीने सुमारे ९ लाख १० हजार पौंड भरल्याचं ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढे २०१५ मध्ये तीच गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या. वय वाढलं की किंमत घटते, या साध्या घसाऱ्याच्या तक्त्याने अशा गाडीची किंमत लावली असती तर दुरुस्तीचा तो आकडा पाहून ती भंगारातच काढावी लागली असती.

म्हणून प्रश्न 'जास्त मिळेल का' एवढाच नाही. गाडीची किंमत कोण ठरवतं आणि कधी, अपघाताआधी की अपघातानंतर, हा खरा प्रश्न आहे. नंतर ठरली तर वाटाघाटीत तुमची बाजू कमजोर असते: गाडी मोडलेली, पैसे अडकलेले, आणि समोरच्याला घाई नाही.

इथे एक सापळा आहे, तो माझ्या लेखात होता पण तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. काही पॉलिसींमध्ये तुम्ही सांगितलेली किंमत पहिल्या पानावर ठळक छापलेली असते. आत मात्र कलम म्हणतं, ही किंमत किंवा नुकसानीच्या दिवशीचा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे प्रीमियम मोठ्या आकड्यावर भरायचा आणि भरपाई लहान आकड्याने घ्यायची. याला सहमत मूल्य म्हणत नाहीत. 'पैसे काढण्याचा मार्ग' हा तुमचा राग या कलमावर असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. खऱ्या सहमत मूल्यात 'जे कमी असेल ते' हे शब्द नसतात. आणि सहमत मूल्य घेतलं तर दर नूतनीकरणाला नवं मूल्यांकन करून घ्या; किंमत चढत असलेल्या गाडीला तीन वर्षांपूर्वीचा आकडा तुम्हालाच बांधून ठेवतो.

राहिला पहिला आक्षेप, आणि माझ्या मते हाच सर्वांत घातक समज आहे. क्लेम मंजूर होण्याचं प्रमाण हे सगळ्या प्रकारच्या गाड्यांचं मिळून निघतं, आणि त्यात अर्थातच साध्या गाड्यांचे क्लेम सर्वाधिक. शिवाय निम्मी रक्कम कापून दिलेला क्लेमही मंजूर क्लेमच असतो. त्या टक्क्यावरून तुमच्या कार्बन फायबरच्या गाडीला काय मिळेल हे कळत नाही.

तुम्ही टोटल लॉस धरून हिशेब मांडलात. पण रोजच्या जगात गाडी पूर्ण जाण्यापेक्षा कोपरा लागण्याचे प्रसंग कितीतरी जास्त येतात, आणि पॉलिसींमधला फरक तिथेच दिसतो. समोरच्या बंपरचा खालचा ओठ स्पीडब्रेकरला घासला, तरी मागे सेन्सर, रेडिएटरचे डक्ट आणि हेडलाइटचं युनिट असतं. ढाचा कार्बन फायबरचा किंवा गोंदाने जोडलेल्या ॲल्युमिनियमचा असेल तर ठोकून सरळ करण्याचा मार्ग बंद असतो. आतली इजा बाहेरून दिसतेच असं नाही. तपासणीसाठी वेगळी उपकरणं आणि उत्पादकाने मान्यता दिलेलं वर्कशॉप लागतं. अशा वेळी एक पॉलिसी म्हणते, वर्कशॉप तुम्ही निवडा, सुटे भाग मूळ उत्पादकाचेच बसतील. दुसरी म्हणते, आमच्या यादीतलं वर्कशॉप आणि 'समतुल्य दर्जाचे' भाग. दोन्हींच्या माथ्यावर कॉम्प्रिहेन्सिव्ह हाच शब्द असतो! कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्क बदलावी लागली की तिसरीच गोष्ट निघते: जुन्याच्या जागी नवी बसली म्हणून झिजेच्या प्रमाणात रक्कम कापायची की नाही? हे एका कलमावर ठरतं आणि त्या कलमाची किंमत दोन प्रीमियममधल्या फरकापेक्षा सहज मोठी असू शकते.

दुरुस्तीनंतरही गाडीची विक्रीची किंमत पडते, कारण तिच्या इतिहासात अपघात लागतो. ही घट बहुतेक पॉलिसी भरून देत नाहीत. दोन प्रस्ताव बाकी सारखे असतील तर मी हे कलम बघून निवड करेन.

तुम्ही गाडीला संरक्षक फिल्म आणि वेगळा एक्झॉस्ट बसवल्याचं लिहिलंय. दोन्ही कंपनीला कळवलेत का? एक्झॉस्ट हा बदल म्हणून न कळवणं क्लेम नाकारण्याचं निमित्त होऊ शकतं. फिल्मचा खर्च पॉलिसीत नमूद नसेल तर दरवाजाचा रंग भरून मिळतो, त्यावरची फिल्म नाही. ईसीयूत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) फेरफार केला असेल तर तोही सांगा. ट्रॅकर चालू असण्याची, रात्री बंद गॅरेजची आणि वर्षाच्या किलोमीटरची अट असेल तर ती रोज पाळावी लागते. चोरीच्या कलमात फसवणूक येते का, हेही पाहा: गाडी विकताना खोटी बँक पावती दाखवून कुणी किल्ली घेऊन गेला, तर अनेक पॉलिसी त्याला चोरी मानत नाहीत, कारण किल्ली तुम्ही स्वतः दिलेली असते.

गाडी बोटीने मागवणार असाल तर वाहतुकीचा विमा कुणाच्या नावावर आणि कुठपर्यंत आहे हे आधीच विचारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' जहाजाला अटलांटिकमध्ये आग लागली आणि पोर्शे, बेंटली, लँबोर्गिनी धरून सुमारे ४,००० गाड्यांसह ते १ मार्चला बुडालं. लँबोर्गिनीला बुडालेल्या अव्हेंटाडोरच्या बदल्यात गाड्या देण्यासाठी संपवलेलं उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं. प्रत्येक उत्पादक असं करेलच असं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की मग सरळ एका कंपनीचं नाव का सांगत नाही. कारण एकाच कंपनीच्या दोन पॉलिसींची कलमं वेगळी असतात आणि नूतनीकरणात ती बदलतातही. तुमच्या हातातल्या दोन प्रस्तावांतली मूल्य ठरवण्याचं, वर्कशॉप निवडण्याचं आणि ट्रॅकचं अशी तीन कलमं, पॉलिसी क्रमांक झाकून, इथेच खाली टाका. ट्रॅकवर जाण्याआधी मी ती शब्दन्‌शब्द वाचून उत्तर देईन.