लाल ट्यूब म्हणजे गॅस्केट नव्हे

बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘बाहेरचा (कंपनीचा नसलेला) सायलेन्सर बसवताना गॅस्केटवर पैसे घालवू नका. जॉइंटला लाल सिलिकॉन भरपूर लावा. लगेच गाडी चालू करा, उष्णतेने ते पक्कं होतं. थोडं लिकेज राहिलंच तर फक्त आवाज वाढतो.’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी गॅस्केटचं, म्हणजे जोडातून धूर निसटू न देणाऱ्या रिंगचं. लाल आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून येणारी, घट्ट होऊन रबर बनणारी पेस्ट) साधारण 300 ते 340 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. आकडा ट्यूबवरच छापलेला असतो. हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, निघणारा धूर इंजिनवर ताण असताना 700 अंशांच्या वर जातो. म्हणून बेंड पाइपच्या (हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणारा वाकडा पाइप) तोंडाशी तांब्याची किंवा ग्रॅफाइटची रिंग असते. नट आवळले की ती चेपते आणि तोंडाला घट्ट बसते. सील होतं ते या दाबाने. सिलिकॉन तिथे जळून पांढरी भुकटी होतं. मागे, बेंड पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो तिथे, तापमान कमी असतं आणि सिलिकॉन काही दिवस तग धरतं. त्यामुळेच ‘माझ्या गाडीला चाललं की’ म्हणणारे भेटतात.

पण त्या मागच्या जॉइंटचाही खरा घोळ मापाचा असतो. बेंड पाइप बाहेरून 35 मिमीचा आणि सायलेन्सरचं तोंड आतून 38 मिमीचं असेल, तर चोहोबाजूंनी दीड मिमी फट उरते. सिंगल सिलिंडरच्या प्रत्येक ठोक्याला त्या फटीवर धूर आदळणार, वर सायलेन्सर हलणार. ती फट पेस्टने भरायची म्हणजे दाराची फट टूथपेस्टने भरण्यासारखं आहे. लेथवाल्याकडून योग्य मापाचा बुश (फट भरणारी धातूची कडी) करून घ्या, किंवा त्या मापाची ग्रॅफाइटची बाही मिळाली तर ती घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेता येते, मीही नेली आहे. पण अॅल्युमिनियम उष्णतेत दबत जातं आणि क्लॅम्प पुन्हा सैल होतो. आणखी एक गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाला क्लॅम्पसाठी चिरा असतात. आतला पाइप त्या चिरांच्या पुढे गेला नाही, तर क्लॅम्प कितीही आवळा, धूर चिरांतून निघतोच.

माप बरोबर असेल तर बारीक ओरखडे भरण्यापुरता सायलेन्सर पेस्टचा (ही सिलिकॉनपेक्षा वेगळी, जास्त उष्णता सोसणारी) पातळ हात चालतो. भरपूर लावलेलं आत ओघळतं, तुकडे सुटतात.

‘उष्णतेने पक्कं होतं’ हे तर नावाच्याच विरुद्ध आहे. आरटीव्ही म्हणजे सामान्य तापमानाला घट्ट होणारं रबर. ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं आणि पूर्ण बसायला साधारण 24 तास लागतात. ओलं असतानाच किक मारली तर धूर त्यातून वाट काढतो, आणि ती वाट तशीच राहते.

राहिलं लिकेज. प्रत्येक ठोक्यानंतर पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल या हवेत पेटतं. फटाके वाजतात ते त्याचेच. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे कडक निकष) गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. लिकेज त्याच्या आधी असेल तर सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो. साध्या सिलिकॉनची वाफ तर सेन्सरच खराब करू शकते.

(सायलेन्सरच कर्कश असेल तर जॉइंटची चर्चा व्यर्थ. पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या अशा सायलेन्सरांचे ढीग आपण बातम्यांत पाहिलेच आहेत.)

बसवताना काजळी पॉलिश पेपरने काढा, रिंग नवी घाला, सगळे बोल्ट आधी सैल ठेवून सायलेन्सर सरळ करा. मग आधी हेडकडचे नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा, नंतर क्लॅम्प, शेवटी मागचा ब्रॅकेट. गार इंजिन चालू करून जॉइंटवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर लिकेज आहे. पहिल्या चकरेनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि हेडकडचे नट पुन्हा तपासा. रिंग चेपलेली असते, पाना थोडा तरी फिरतोच.