डेन्व्हरची हवा आणि इंजिनाची ताकद : एक खुलासा
अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ या शेव्हरोले गाडीची (एलएस६ इंजिनाची) हॉर्सपॉवर कंपनीने सांगितलेल्या ४५० च्या बरीच खाली भरली, म्हणजे इंजिन झिजले, असा दावा फिरतो आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८३ टक्केच असतो. त्यामुळे टर्बो (हवा दाबून आत भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनात प्राणवायू कमी जातो, आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) तेच ठेवले तर पेट्रोलचे प्रमाण वाढून एक्झॉस्टच्या तोंडावर काजळी धरते. उकाडा आणि दमटपणाही ताकद खातात. म्हणूनच एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे१३४९ या मानकात कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब व २५ अंश सेल्सिअस तापमान धरून आकडा दुरुस्त करतात. शिवाय ४५० हा आकडा ग्रॉस, म्हणजे गाडीबाहेर स्टँडवर मोजलेला आहे, चाकांवरचा नव्हे.